पहिली रिंग देवाची

आमच्या घरात गुळगुळीतपणाचं वेड होतं. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, विहिरीच्या सिमेंटच्या रिंगा ओतायचे. आटगाव स्टेशनकडून आग्रा रोडकडे जाताना कडेला आमची पत्र्याची शेड, पुढे मोकळी जागा आणि त्या जागेत एकावर एक रचलेल्या करड्या रिंगा. येणारे-जाणारे त्याला कारखाना म्हणायचे. आबाही म्हणायचे. आई मात्र ‘अंगण’ म्हणायची, कारण तिथली झाडलोट तिच्याकडे होती.

साच्यातून रिंग निघाली की दुसरा कोणीही ती विकून मोकळा होईल. आबांचं खरं काम तिथून सुरू व्हायचं. सिमेंटचं पातळ पाणी करायचं, ते रिंगेला आतून-बाहेरून फासायचं आणि काळू नदीतून आणलेल्या एका चपट्या गोट्याने घोटत बसायचं. तो गोटा माझ्या जन्माच्या आधीपासून घरात होता आणि त्याचा मान माझ्यापेक्षा जास्त होता. मी हरवले असते तर आबांनी आधी शेजारीपाजारी विचारलं असतं. गोटा हरवला असता तर पोलिसात गेले असते.

घोटून झालं की परीक्षा. देवाच्या वातींसाठी आईने पिंजून ठेवलेल्या कापसातला एक बोळा आबा उचलायचे आणि रिंगेवरून अलगद फिरवायचे. एक तंतू जरी अडकला तरी पुन्हा गोटा. कापूस पास झाला की शेवटी हात, तोही उलटा. तळहात इतका राठ झालाय की त्याला आता खरं-खोटं कळत नाही, असं ते म्हणायचे. उलटा हात फिरवताना त्यांचे डोळे मिटलेले असत. आई लांबून बघायची आणि म्हणायची, “देवाच्या वाती खाल्ल्या तुमच्या रिंगांनी.”

“विहिरीत काय धरता नये,” आबा सांगायचे. “शेवाळ धरता नये, किडा बसता नये, बाईची दोरी घासता नये. तिथं पाण्याबिगर कोणाचा काम नाय.”

या शिस्तीतही एक वरची पायरी होती. कुठल्याही विहिरीच्या कामातली पहिली रिंग देवाची. ती विहिरीत सगळ्यात खाली जाते आणि झरा तिच्याच पायाशी फुटतो, म्हणून तिला बाकीच्यांच्या दुप्पट घोटाई. मग हळद-कुंकू, नारळ, आणि नारळाचं पाणी शिंपडून ती बाजूला ठेवायची. मी लहानपणी एकदा विचारलं होतं, “आबा, ती तर कोणाला दिसणारच नाही. मग एवढी घोटता कशाला?” त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी शहाण्यासारखी अभ्यासाला बसले.

टोकावड्यापासून सिद्धगडाच्या पायथ्यापर्यंतच्या पाड्यांवर आबांच्या रिंगा उतरलेल्या आहेत. एस्टीतून जाताना ते खिडकीतून विहिरी दाखवायचे, दुसरे लोक नातेवाईक दाखवतात तसे. “ही आपली. ती पण आपली. ती नाय, बघ कशी खरबरीत, दुसऱ्याची हाय.” मला एस्टीत तोंड लपवावंसं वाटायचं.

मग बोअरच्या गाड्या आल्या. नव्वद सालानंतर हळूहळू आणि पुढे धडाधड. गाडी यायची, रात्रंदिवस धडधडायची, जमिनीला एक भोक पाडून जायची आणि त्यावर हापसा बसायचा. हापशाला रिंग लागत नाही. आबांच्या शेडमधले साचे आधी रिकामे राहिले, मग गंजले, मग आईच्या कोंबड्यांनी त्यांत पेंढा ओढून अंडी घालायला सुरुवात केली. आबा एका पालथ्या साच्यावर बसून रस्त्याकडे बघत राहायचे. त्या रस्त्याने एक भंगारवाला दर महिन्याला यायचा आणि न विचारता साच्यांचा पत्रा बोटाने वाजवून बघायचा. आबा त्याला हाकलायचे. पण दर महिन्याला त्यांचा आवाज थोडा कमी चढायचा, हे मला कळत होतं आणि त्याचा मला भयंकर राग येत होता. भंगारवाल्याचा नाही, त्या उतरत्या आवाजाचा.

मी तेव्हा कल्याणच्या कॉलेजातून प्राणिशास्त्र घेऊन पदवीधर झाले होते आणि मालवणला समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका छोट्या संस्थेत लागले होते. गावात बातमी गेली की पोरगी मासळीच्या कंपनीत लागली. मी ती दुरुस्त केली नाही, कारण खरी बातमी सांगणं आणखी अवघड होतं. आमचं काम होतं प्रवाळाचं. समुद्राच्या तळाशी जिवंत दगडांसारखी बेटं असतात, त्यांच्या आडोशाने मासे राहतात, होड्यांचे नांगर पडून ती फुटतात, आणि फुटलेले तुकडे वाळूत लोळून मरायच्या आत आम्ही उचलून पुन्हा लावायला बघतो. हे मी सुट्टीला घरी आल्यावर जेवताना सांगितलं.

“दगड जिवंत?” आबांनी घास थांबवला.

“दगड नाही आबा. बारीक बारीक प्राणी. ते आपल्याभोवती दगडासारखं घर बांधतात. आपण पोवळं म्हणतो ना, ते त्यांच्याच जातभाईंचं.”

आबांच्या उजव्या हाताच्या बोटात मंगळासाठी घातलेली पोवळ्याची अंगठी होती. सोमवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी असं सगळं कडक पाळणारा माणूस. त्यांनी अंगठीकडे पाहिलं, मग ताटातल्या वरणभाताकडे. “म्हणजे मी इतकी वर्सं हाड घालून जेवतोय?” त्यांनी अंगठी काढली, धुतली आणि देव्हाऱ्यात ठेवली. आईने ती देव्हाऱ्यातून उचलून डब्यात टाकली. पुढे आमच्या मॅडमनी ती अंगठी बघून सांगितलं, की ते रंगवलेलं प्लास्टिक आहे. आबांनी ती ताबडतोब पुन्हा बोटात घातली.

या मॅडम म्हणजे आमच्या संस्थेच्या प्रमुख. पुण्याच्या, उन्हाने रापलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांची अडचण अशी होती की तुकडे लावायचे कशावर? साधे दगड ठेवले की लाटेत लोळायचे. लोखंडी जाळी केली ती गंजून मोडली. पाहिजे होतं काहीतरी जड, बुटकं, पाणी आरपार खेळेल असं. टेबलावर त्या पेन्सिलीने चित्र काढत होत्या आणि ते चित्र मला कुठेतरी पाहिल्यासारखं वाटत होतं. मग लक्षात आलं, की ही तर आमची विहिरीची रिंग, फक्त गुडघ्याएवढी कापलेली आणि बाजूला भोकं पाडलेली. माझं तोंड माझ्या ताब्यात कधीच नव्हतं. मी म्हणाले, “हे तर माझे वडील करतात.”

आबांना फोनवर हे सांगितलं. त्यांनी विचारलं, “समुद्रात विहीर कशाला पायजे गो?” पण दुसऱ्या दिवशी त्यांनी कोंबड्या हाकलून एक साचा घासायला काढला, असं आईने कळवलं. पत्रा कापून तो बुटका केला. नमुन्याची एक रिंग ओतली आणि ती अशी घोटली, की आई म्हणाली, तिच्यात बघून कुंकू लावता येईल.

मॅडमना मुंबईत काम होतं, त्या तिकडून कसाऱ्याच्या गाडीने थेट आटगावला उतरल्या. मी आदल्या दिवशीच आले होते. आबांनी रिंगेवरचं फडकं असं काढलं, जसं काही आत नवरी बसली आहे. मॅडम खाली बसल्या, हात फिरवला, पुन्हा फिरवला.

“इतकं सुंदर काम मी पाहिलं नाही,” त्या म्हणाल्या. “पण हे चालणार नाही.”

आबा माझ्याकडे बघायला लागले, मी मॅडमकडे. मॅडमनी शांतपणे सगळं सांगितलं. गुळगुळीत रिंगेवर तुकडा बांधला तरी त्याला पाय रोवता येत नाही. समुद्रात तरंगत येणारी त्याची पिल्लंही बसायला खळगा शोधतात, भेग शोधतात. शिवाय साच्यातून रिंग सुटावी म्हणून आबा जे जळकं ऑइल लावतात, तेही बंद, कारण ते त्या जिवांना विष आहे. “मला खरबरीत पाहिजे,” मॅडम म्हणाल्या. “जितकी वाईट जमेल तितकी.”

आयुष्यभर ज्या माणसाने काही धरू नये म्हणून गोटा फिरवला, त्याला एक शिकलेली बाई सांगत होती की सगळं धरलं पाहिजे. आबांनी मॅडमना चहा दिला, स्टेशनापर्यंत पोचवलं आणि परत येऊन त्या रिंगेवर गोणपाट टाकलं.

“नाय जमायचा मना,” ते आईला म्हणाले. “असा माल माझ्या शेडीतून गेला त लोक म्हणतील, म्हाताऱ्याचा हात गेला.”

“लोक काय समुद्रात बघायला जाणार आहेत?” मी म्हणाले.

“ती देवाची पहिली रिंग पण कोणी बघत नाय. तरी घोटतो ना मी?”

मी चिडले. चिडले की मी फार बोलते आणि त्यातलं निम्मं चुकीचं असतं. मी म्हणाले, मग बसा साच्यावर, भंगारवाला येतोच आहे. हे बोलल्याबरोबर घरातली हवा बदलली. आबा उठून नदीकडे निघून गेले, गोटा खिशात घेऊन.

आई स्वयंपाकघरात मसाला वाटत होती. तिने मला रागावलं नाही. तिने मला ओल्या हाताने पाटा दाखवला. “ह्याला मागच्या महिन्यात टाकी लावून घेतली.”

टाकी म्हणजे बारीक छिन्नी. पाटा वापरून वापरून गुळगुळीत होतो, मग खोबरं नुसतं सरकतं, वाटलं जात नाही. तेव्हा पाट्याला टाकी लावणारी बाई ओरडत येते, दारात बसते आणि छिन्नीने पाट्यावर ठिपक्याठिपक्यांची नक्षी पाडून जाते. आमच्या घरात दरवर्षी हे व्हायचं. आबा तेव्हा नेमके घराबाहेर जायचे. चांगल्या घासलेल्या दगडावर घाव घातलेला त्यांना बघवायचा नाही.

रात्री जेवायला बसल्यावर आईने आबांच्या पानात चटणी वाढली नाही. आबांनी मागितली. आई म्हणाली, “अवो, पाटा घोटून ठेवलाय मी तुमच्या गोट्याने. छान गुळगुळीत झालाय. चटणी मात्र होत नाय त्याच्यावर.”

पाटा अर्थातच घोटलेला नव्हता, गोटा तर आबांच्याच खिशात होता. चटणी झाकून ठेवली होती. आबा हसले नाहीत, पण त्यांनी भाकरी बाजूला ठेवली आणि आईकडे पाहिलं. मग म्हणाले, “वाढ गो ती चटणी. समजला मना.”

दुसऱ्या दिवसापासून आमच्या अंगणात वाईट काम चांगलं कसं करायचं याची शाळा भरली. आबांच्या हाताखाली सिद्धगडच्या बाजूच्या पाड्यावरच्या दोन बायका पूर्वी माल कालवायला यायच्या, त्यांना निरोप गेला. ऑइल बंद, मग रिंग सुटणार कशी, यावर पहिला दिवस गेला. कागद लावून बघितला, तो चिकटला. केळीची पानं लावली, ती फाटली. त्या दोघींतली थोरली म्हणाली, “सागाचा पान लावा ना. आमी घर शाकारतो त्याने.” सागाचं पान परातीएवढं मोठं आणि वरून काचपेपरसारखं खरखरीत. साच्याला आतून पानं लावली, माल ओतला, दोन दिवसांनी साचा उघडला. पानं सोलून काढली तर सिमेंटवर प्रत्येक शीर उमटलेली. वरच्या कडेला माल ओला असतानाच भाताचं तूस दाबायचं ठरलं, ते पुढे कुजून गळून जातं आणि बारीक खळगे राहतात. बाजूला भोकं ठेवायला केळीच्या सोपाचे, म्हणजे खोडाच्या जाड सालींचे तुकडे. हे एकट्या कोणाचं डोकं नव्हतं. जो जवळून जायचा तो काहीतरी सुचवायचा, आणि आबा सगळ्यांना हाकलून मग तेच करून बघायचे.

कापसाचा बोळा मात्र सुटला नाही. फक्त परीक्षा उलटी झाली. आबा बोळा फिरवायचे आणि तो सरळ निघून आला तर रिंग नापास. तिला पुन्हा ओली करून तारेच्या ब्रशने ओरबाडायचं. कापूस जागोजाग अडकून रिंग पांढरी झाली की आबा मान हलवायचे. त्या मानेत आनंद नसायचा, पण कबुली असायची. आई म्हणाली, “म्हणजे वाती खाणार त्या खाणारच.”

भांडण झालं ते पहिल्या रिंगेवरून. सगळा माल तयार झाला तरी ती एक बाजूला, सावलीत, गोणपाटाखाली होती. मी गोणपाट उचललं तर आत नितळ, काळ्या पाण्यासारखी रिंग. साग नाही, तूस नाही.

“आबा, ही काय?”

“पहिली हाय ती. देवाची.”

“अहो पण मॅडमनी काय सांगितलं?”

“बाकीच्या तुझ्या मॅडमच्या. ही देवाची. देवाला मी खरबरीत देणार नाय.”

मी हात जोडले, ओरडले, रडवेली झाले. आबा गोटा पुसत बसले होते, जसं काही पलीकडे रेडिओ लागला आहे. शेवटी मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, “राहू दे ना एक. खरबरीत आणि गुळगुळीत यांत फरक किती पडतो, तेही कळेल.” मॅडमच्या लेखी तो प्रयोग होता. आबांनी त्या रिंगेला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला आणि पाणी शिंपडलं. उरलेलं खोबरं सगळ्यांना वाटलं. मला सगळ्यात मोठा तुकडा दिला.

मालवणहून आंब्याच्या पेट्या घेऊन वाशीला आलेला एक टेम्पो रिकामा परत जाणार होता, त्याला वळवून आटगावला आणला. रिंगा पेंढ्यात बसवून भरल्या. ड्रायव्हर म्हणाला, आंबे देऊन दगड नेणारा मी पहिलाच. मालवणला त्या रिंगा संस्थेच्या मागच्या परसात पावसाळाभर नुसत्या भिजत पडल्या. नव्या सिमेंटचा दाह धुऊन जायला तेच हवं होतं. दिवाळीनंतर समुद्र निवळला आणि आम्ही त्या होडीने नेऊन, दोरीने एकेक करून तळाशी सोडल्या. देवाची रिंग सगळ्यात आधी, कारण आबांनी मला तशी शपथ घातली होती. मग वाळूत पडलेले जिवंत तुकडे गोळा करून त्यांवर बांधले.

मग फोन सुरू झाले. आबांचा प्रश्न एकच. “लागला का गो?”

भात लावल्यावर चार दिवसांनी बांधावरून विचारतात, तसा. रोपाने मूळ धरलं की नाही? मी सांगायचे, आबा, हे भात नव्हे, वर्षाला नखाएवढं वाढतं. ते म्हणायचे, “नख त नख, पण लागला का?” मॅडमनी त्यांना सांगून ठेवलं होतं, की हे लागलं तर पुढच्या हंगामात पुन्हा रिंगा लागतील, आणि नंतरही लागत राहतील. नाही लागलं तर काम थांबलं. आबांनी त्याचा सरळ अर्थ घेतला होता. लागलं तर साचे राहतील, नाही तर भंगारात जातील. मधल्या काळात कोंबड्या साच्यांत परत आल्या होत्या. आबांनी त्यांना हाकललं नाही, आणि भंगारवाल्यालाही नुसतं म्हणाले, नंतर ये.

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीनंतर आई-आबा मालवणला आले. मी फोनवर सांगितलं होतं की बरं चाललंय, पण आबांना माझ्या ‘बरं’वर भरवसा नव्हता. “मी डोळ्यांनी बघीन. मगच त्या साच्यांचा काय ते.” दोन एस्ट्या बदलून, उलट्या करून, आई लिंबू हुंगत उतरली. आबांच्या पिशवीत एक पंचा, हातोडी, छिन्नी आणि तो गोटा होता.

“हे कशाला आणलं?” मी विचारलं.

“कामाला जाताना हत्यार लागता,” आबा म्हणाले. काम कसलं ते त्यांनाही माहीत नव्हतं.

आबांना पोहायला उत्तम येत होतं. पाठीला भोपळा बांधून विहिरीत ढकलून शिकलेले, आणि पुढे रिंगा बसवताना त्यांनी कितीदा तरी बुडी मारलेली. पण समुद्राचं पाणी त्यांना पटलं नाही. “वर ढकलतोय हा,” ते पहिल्यांदाच उतरल्यावर तक्रारीच्या सुरात म्हणाले. “विहीर बरी. गप खाली जाऊ देते.” डोळ्यांवर काचेचा मुखवटा चढवून, हाफ पँटमध्ये, मिशा बाहेर, असे ते होडीच्या कडेला धरून होते आणि आई पदर तोंडाला लावून हसत होती.

हसून झाल्यावर मात्र तिने दोरी मागितली. होडीवाल्याला कळेना. “दोरी कित्याक?” तो म्हणाला.

आमच्याकडे विहिरीत माणूस उतरला की वर कोणीतरी दोरी धरून बसतं. दोरी खालच्याच्या कमरेला. एक हिसका म्हणजे सैल सोड, दोन म्हणजे ओढ. आबा विहिरीत असताना ती दोरी नेहमी आईने धरली आहे. समुद्राला वेगळा नियम असेल, हे तिला मान्य नव्हतं. मी सांगायला गेले की पाणी जेमतेम दोन पुरुष खोल आहे, मी शेजारी आहे, तर ती म्हणाली, “तू गप. तू आता आलीस.” दोरी बांधली गेली.

आम्ही खाली गेलो. त्या दिवशी पाणी स्वच्छ होतं. खाली वाळूवर आमच्या रिंगा उभ्या होत्या आणि मी आधी शंभरदा बघितलेलं मला आबांच्या सोबत पहिल्यांदा दिसलं. बांधलेल्या तुकड्यांनी दोरे गिळून टाकले होते. सागाच्या शिरांवरून त्यांचे पाय पसरले होते, ओल्या भिंतीवर डाग पसरतो तसे. भोकांतून बोटभर मासे ये-जा करत होते, जसं काही ती भोकं त्यांच्यासाठीच ठेवली होती, आणि ती होतीच. एका रिंगेच्या पोटात खेकडा मालकासारखा बसला होता. आबा एकेका रिंगेजवळ गेले. हात लावायचा नाही असं मी बजावलं होतं, म्हणून त्यांनी हात पाठीमागे बांधले होते. श्वास संपला की वर, दम घेतला की पुन्हा खाली. आईची दोरी सैल होत होती, ताणत होती.

मग ते देवाच्या रिंगेपाशी आले. तिच्यावर मी बांधलेल्या तुकड्यांपैकी एकही राहिला नव्हता. दोरे तेवढे लोंबत होते. वर शेवाळाचा पातळ थर, बस. आबांनी पाठीमागचा हात सोडला, उलटा केला आणि तिच्यावरून फिरवला. शेवाळ निघून आलं आणि खाली त्यांची घोटाई तशीच, नितळ. दोन हिसके बसले.

होडीत चढल्यावर त्यांनी मुखवटा काढला. डोळे लाल होते, खाऱ्या पाण्याने असतील. आईने विचारलं, “लागला का वो?”

“लागला,” आबा म्हणाले. “लागला गो. समद्या लागल्या.” आणि मग, “एक सोडून.”

मॅडम किनाऱ्यावर वाट बघत होत्या. आबा ओल्या अंगावर पंचा गुंडाळूनच त्यांच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, उद्या मला त्या रिंगेला टाकी लावायची आहे. मॅडम जरा घुटमळल्या. “काका, ती राहू दे ना. ती गुळगुळीत आहे म्हणून तर आपल्याला फरक कळतो.”

“बाई, फरक कळला ना? मग झाला की.” आबांचा आवाज बऱ्याच वर्षांनी पूर्ण चढला होता. “समद्यांची घरं भरली आणि देवाचा तेवढा घर रिकामा. माझ्यामुळे. हे मना बघवत नाय.”

मॅडम कमी बोलतात ते बरंच आहे. त्या नुसतं हो म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा हातोडी-छिन्नी घेऊन उतरले. खिशात गोटा होता, खाली राहायला वजन म्हणून. मी त्यांच्या शेजारी होते. पाण्यात घाव हळू पडतो, जोर दुप्पट लागतो. ते खाली जायचे, दोन-तीन घाव घालायचे, वर यायचे, धापा टाकायचे, पुन्हा खाली. ठिपक्याशेजारी ठिपका, ओळीत, पाट्यावर असतात तसे. आवाज माझ्या कानात नाही, छातीत ऐकू येत होता. मी वर आले तेव्हा आई दोरी दोन्ही हातांनी धरून डोळे मिटून बसली होती. प्रत्येक घाव दोरीतून तिच्या हाताला कळत होता. “कमी जोर लागतोय आता,” ती मला म्हणाली. “दमलाय. तरी वर येणार नाय तो.”

तो माणूस इतकी वर्षं ज्या घावांपासून पळून घराबाहेर जात होता, ते आता स्वतःच्या सगळ्यात चांगल्या कामावर स्वतःच घालत होता. मला रडू आलं, आणि पाण्यात असल्यामुळे ते कोणाला कळलं नाही.

उन्हं चढेपर्यंत हे चाललं. शेवटी दोन हिसके आले. आबा होडीत चढले आणि आडवे झाले. मी विचारलं, “झाली का खरबरीत? कापूस नव्हता बघायला.”

आबांनी आपला उजवा हात वर केला, उलटा. हाताची मागची बाजू ओरखड्यांनी भरली होती, दोन-चार ठिकाणी रक्त आलं होतं. त्यांनी तो आईपुढे धरला.

“बघ,” ते म्हणाले. “धरतंय.”

आईने पदराने तो हात पुसला. मीठ झोंबत असणार, पण आबा हसत होते. होडी किनाऱ्याकडे वळली. मग आबा पडल्यापडल्याच म्हणाले, “घरी गेल्यावर तुझ्या कोंबड्यांना दुसरी जागा बघ गो.”